पाऊण मैल

पोर्टनेलनचं स्टेशन पोर्टनेलनात नव्हतं.
होतं पाऊण मैल वर, टेकाडावर, वाऱ्याच्या तोंडी,
कारण जमीनदार किनकेडना
जेवणाच्या मेजावर धूर नको होता.
पहिल्या नकाशात रूळ थेट बंदराकडे येतात.
मग किनकेडांच्या बागेपाशी ते असे वळतात
जसा घेणेकरी दिसला की माणूस गल्ली बदलतो.

उद्घाटनाला बँड होता, भाषण होतं,
आणि पाटीवर गावाच्या नावात एक अक्षर जास्त.
कोणी बदललं नाही.
दहा वर्षांनी शाळेत तेच बरोबर धरू लागले.

हेरिंग चिरणाऱ्या पोरी हंगामाला दक्षिणेकडे निघायच्या.
पेट्या हातगाडीवर,
बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या बांधलेल्या,
आणि चालता चालता विणकाम.
बंदर ते स्टेशन म्हणजे पायमोज्याची एक टाच.
आमच्याकडे अंतर असंच मोजत.
"लायब्ररी किती लांब?"
"अर्धी टाच."
माझी आत्या एल्सपेट हे शेवटपर्यंत म्हणायची,
बस आली तरी.

पिंपं भरभरून मासळी जायची, बर्फाचं पाणी गळत.
पहिल्या वर्गातल्या गाद्यांनाही वास.
एका बिशपनं तक्रार लिहिली, ती माझ्या बापानं जपून ठेवली होती.
बाप, डॉड मेअर, सिग्नलवाला.
रोज चढायचा, रोज उतरायचा.
उतरताना गुडघे जास्त दुखतात, म्हणायचा,
आणि हे तत्त्वज्ञान नाही, नुसते गुडघे.

युद्धात पोरं वर गेली, बॅगपाइप वाजवत.
खाली आल्या त्या तारा.
सँडी लॉबन सायकलवरून आणायचा,
आणि उतारावर त्याचा ब्रेक किंचाळला
की सगळ्या गल्लीतल्या सुया थांबायच्या.
ज्या घरापुढे तो थांबत नसे
तिथल्या सुया पुन्हा सुरू होत,
थोड्या लाजून.

मग गाव हळूहळू चढायला लागलं.
आधी बियाजींचं आइस्क्रीमचं दुकान, बरोबर अर्ध्या वाटेवर,
दमलेल्यांना धरायला.
मग बँक. मग पाहुण्यांची घरं,
"समुद्र दिसतो" अशा पाट्या लावलेली;
दिसायचा, खुर्चीवर उभं राहिलं तर.
दुसऱ्या युद्धानंतर नगरपालिकेची घरं आली, ओळीनं, राखाडी,
आणि चौसष्ट साली शेवटच्या घराची भिंत
स्टेशनच्या कुंपणाला टेकली.
ते घर आमचं.

ऐंशी वर्षं लागली, पण गाव स्टेशनाला पोचलं.
चार महिन्यांनी तिकीटखिडकीवर नोटीस लागली.
वरातीमागून घोडं, आई म्हणाली,
आणि घोडं आपणच.

शेवटच्या गाडीत एकोणीस माणसं,
एक कुत्रा, त्याचंही तिकीट.
बापानं सिग्नल खाली घेतला,
केबिनला कुलूप लावलं, किल्ली कोणाला द्यायची
हे कोणीच सांगितलं नव्हतं, म्हणून खिशात टाकली.
तिथून आमचं दार अकरा पावलं.
आयुष्यभर पाऊण मैल चाललेला माणूस
अकरा पावलांत घरी आला
आणि कोट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला,
जसा अजून उतार यायचाच आहे.
आईनं चहा ठेवला.
तो दिवा घेऊन पुन्हा बाहेर पडला,
बंदरापर्यंत गेला,
आणि मग नेहमीच्या वेळेला परत आला.

आता तिथं दवाखाना आहे.
प्लॅटफॉर्मच्या दगडी कडेवर रेलिंग लावलंय,
रूळ होते तिथं गाड्या उभ्या करतात.
पाटी खालच्या दारूच्या गुत्त्यात आहे, जास्तीच्या अक्षरासकट.
मी रक्तदाब दाखवायला जातो, अकरा पावलं,
हल्ली सोळा.
बाकावर लॉबनांची इझोबेल विणत असते.
बहुधा नातवाचा मोजा.
टाचेपाशी येते
आणि आतून तिचं नाव पुकारतात.